बोर्थ गावाचा इतिहास कागदपत्रांतून कसा शोधावा

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, ॲबरिस्टविथच्या उत्तरेला बोर्थ आहे. पुढे कार्डिगनचा उपसागर, मागे दलदल आणि मधल्या गोट्यांच्या बांधावर एकच लांबलचक रस्ता. 1863 मध्ये रेल्वे आली आणि गाव वसलं, हे विधान सर्रास केलं जातं. ते तपासायचं तर रेल्वेच्या आधीच्या कागदांपासून सुरुवात करावी.

सगळ्यात आधी टाइथ नकाशा. 1836 च्या कायद्याने टाइथ, म्हणजे चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा, रोखीत बदलला, त्यासाठी हे नकाशे तयार झाले. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते मोफत पाहता येतात. शोधताना बोर्थ नव्हे, ल्हानविहांगेल गेनायर ग्लिन हा पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर) निवडा. गाव तेव्हा त्यातच मोडत होतं. नकाशावरचा क्रमांक सोबतच्या तक्त्यात पाहिला की मालक, वहिवाटदार आणि जमिनीचा वापर कळतो. क्षेत्रफळ एकर, रूड आणि पर्चमध्ये असतं (40 पर्च म्हणजे 1 रूड, 4 रूड म्हणजे 1 एकर). 1-2-20 म्हणजे 1.625 एकर, इथे बरेच जण फसतात. एखादं घर नकाशात नाही म्हणून ते नव्हतंच असं धरू नका. मोजणी टाइथसाठी होती, घरांसाठी नव्हे.

मग जनगणना, 1841 पासून दर दहा वर्षांची. 1841 मध्ये पंधरा वर्षांवरची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली, त्यामुळे 34 वर्षांचा माणूस 30 चा दिसतो. 1851 ते 1911 च्या गणना वसंतात झाल्या. उन्हाळी पाहुणे त्यांत सापडत नाहीत. समुद्रावर गेलेले खलाशीही घरच्या नोंदीत नसतात. म्हणून कुटुंबप्रमुख बाई असेल तर तिच्या धंद्याचा रकाना नीट वाचा: ‘खलाशाची बायको’ असं लिहिलेलं आढळतं. जोन्स आणि डेव्हिस इतके असतात की निव्वळ आडनावावरून घराणं जुळवणं धोक्याचं. वय, जन्मगाव आणि जहाजांच्या खलाशी-याद्या यांचा मेळ घाला.

रेल्वेनंतरचा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा 25 इंची (एका मैलाला 25 इंच) नकाशा टाइथ नकाशावर बसवताना निदान चार स्थिर खुणा घ्या: रस्त्याचे फाटे, जुन्या शेतांचे कोपरे. किनारारेषा खूण म्हणून घेऊ नका, गोटे सरकत राहतात. दोन्ही नकाशांत असलेली घरं रेल्वेपूर्वीची. पाहुण्यांसाठी काय बदललं ते वृत्तपत्रांत शोधा. हंगामात त्यांत पाहुण्यांच्या याद्या छापून येत. 1876 मध्ये विषमज्वरामुळे इंग्लंडमधली अपिंगहॅमची अख्खी शाळा इथे मुक्कामाला आली, तेव्हाच्या बातम्या तर जरूर वाचा.

वाळूखालचं हजारो वर्षांपूर्वीचं जंगल शेवटी बघा. बुडालेल्या कांत्रेर ग्वाएलोद राज्याची दंतकथा त्याच्याशी जोडली जाते, पण बुंधे झाडांचा पुरावा आहेत, राज्याचा नव्हे. ते पाहायचे तर हिवाळी वादळानंतर, ओहोटीच्या वेळी जा. एरवी बहुतेक भाग वाळूने झाकलेला असतो.