एजंटचं लायसन काढता काढता पहिली मिळकत घ्यायची असेल तर

बहुतेक जण आधी महारेराचं (घरबांधणी प्रकल्प आणि घर-जमिनीचे एजंट यांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं) लायसन, मग धंदा, मग चार पैसे साठले की फ्लॅट असा क्रम लावतात. माझं म्हणणं, दोन्हींची तयारी एकदमच सुरू करा. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. संध्याकाळी घरी येऊन ऑनलाइन वर्ग करायची आणि त्याच काळात मिरजेत वन बीएचके बघत फिरायची. वर्गात शिकवलेला कागद दोन दिवसांत खऱ्या मिळकतीचा म्हणून हातात यायचा, त्यामुळं तो डोक्यात पक्का बसला.

लायसनची वाट सरळ आहे. महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेकडे २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग आयबीपीएस (बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) घेते ती ऑनलाइन परीक्षा द्यायची. पास झालात की सक्षमता प्रमाणपत्र मिळतं आणि ते जोडून महारेराच्या साइटवर अर्ज करायचा. वैयक्तिक नोंदणीची फी १०,००० रुपये, मुदत ५ वर्षं. पॅन, आधार, आयकर विवरणपत्रं, ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा आधीच स्कॅन करून ठेवा. नोंदणीचा नंबर येईपर्यंत रेरा नोंदणीच्या प्रकल्पातला एकही फ्लॅट किंवा प्लॉट दुसऱ्याला विकून देऊ नका. कायद्यात दिवसाला १०,००० रुपये दंड आहे आणि तो त्या मिळकतीच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढत जातो. ओळखीचे अण्णा-काका "तू फक्त गिऱ्हाईक आण, कमिशन आपण वाटून घेऊ" म्हणतील, त्यांना नम्रपणे थांबवा. मात्र स्वतःसाठी मिळकत बघायला, घ्यायला कुठलंच लायसन लागत नाही. म्हणून शिकण्याचे हे महिने त्यात घाला.

सुरुवात फुकटात होते. सांगली-मिरज रोडवरचा एखादा चालू प्रकल्प निवडा आणि महारेराच्या साइटवर त्याचं पान उघडून बसा. मंजूर नकाशा, पूर्ण करायची तारीख, जमिनीवरचा बोजा, कोर्टातले दावे, सगळं तिथं असतं. मग त्याच भागातल्या जुन्या फ्लॅटची 'सूची दोन' (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) नोंदणी विभागाच्या साइटवर काढा. मालक काय भाव सांगतो आणि दस्त किती रकमेचा झालाय, हे शेजारी शेजारी लिहीत जा. पाचपन्नास दस्त असे वाचून झाले की त्या भागात तुम्हाला भावाच्या बाबतीत कोणी गंडवू शकत नाही. पुढं एजंट म्हणून गिऱ्हाइकासमोर बसाल तेव्हा हीच वही कामाला येते.

पैशांचा हिशेब कोरडेपणानं मांडा. समजा फ्लॅट २२ लाखांचा आहे. ७ लाख तुमचे, १५ लाख कर्ज. ९ टक्के व्याजानं २० वर्षांचा हप्ता साधारण १३,५०० येतो. भाडं ६,००० धरलं तर दर महिन्याला ७,५०० खिशातून, मेंटेनन्स वेगळा. वर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे १ लाख ३२ हजार, आणि नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २२ हजार. हे बँक देत नाही, आपल्याच खिशातून भरावे लागतात. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. आमच्या घरात ती घ्यायची की नाही यावर चर्चाच झाली नाही. वर्षातून एखादा महिना घर रिकामं राहील हेही धरा. एवढं करून हप्ता पगारातून निघत असेल तरच पुढं जा. कमिशन येईल या भरवशावर कर्ज काढू नका, कारण नव्या एजंटला पहिलं कमिशन कधी मिळेल ते कुणालाच सांगता येत नाही.

आता सांगलीतली खरी गोष्ट, गुंठेवारी. आमच्याकडं शहराच्या कडेच्या कित्येक वसाहती शेतजमिनीचे गुंठे पाडून उभ्या राहिल्या. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, स्वस्तात मिळतो, आणि नवा माणूस तिथंच भुलतो. अशा प्लॉटचा सातबारा बघितला तर एकाच गटावर डझनावारी नावं असतात, हद्द कुणाची कुठं ते कागद सांगत नाही. कित्येकांकडं नुसता नोटरी केलेला स्टॅम्प पेपर असतो. नोटरीनं मालकी येत नाही, नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्यात वाव मिळाला. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारा: महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का? "फाईल टाकलीय" हे उत्तर म्हणजे नाही. कर्जाच्या वेळी बँकही आधी तेच मागते. अशा घरात राहणाऱ्यांनी कष्टाचे पैसे घातलेत, त्यांचा मला आदर आहे. पण पहिली गुंतवणूक तिथं नको.

दुसरं, पूर. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा, भिंतीवर हात ठेवून दाखवेल. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. निळ्या आणि लाल पूररेषेचा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या सरकारी रेषांचा) नकाशा बघूनच इसार द्या. मी मिरजेकडं वळले त्यात हे कारण मोठं होतं. शिवाय तिथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि इतकी हॉस्पिटलं आहेत की नर्सिंगच्या मुली, तंत्रज्ञ, शिकाऊ डॉक्टर यांना भाड्यानं घर लागतंच.

शेतजमिनीचं थोडक्यात. तुम्ही शेतकरी नसाल तर परवानगीशिवाय ती घेता येत नाही. शेतकरी असलात तरी सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) किंवा इतर हक्कात 'पुनर्वसनासाठी राखीव' (धरणग्रस्तांसाठी राखून ठेवलेली) असा शेरा आहे का ते बघा. धरणांच्या लाभक्षेत्रात, सातारा जिल्ह्यातही, राखीवचा शेरा पुष्कळ गटांवर आढळतो. महाबळेश्वर-पाचगणीकडं थंड हवेच्या ठिकाणी प्लॉट म्हणून कोणी बोलावलं तर तो भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालाय, बांधकामावर बंधनं आहेत, हे लक्षात ठेवून जा.

जुन्या फ्लॅटला मागच्या सगळ्या दस्तांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या आणि मागच्या ३० वर्षांच्या नोंदी तपासून वकिलानं दिलेला सर्च रिपोर्ट एवढं घ्याच. वकील आपला निवडा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. भाडेकरू ठेवताना ११ महिन्यांचा करार नोटरीवर न भागवता नोंदवून घ्या; राज्यात ती नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी घरमालकाची.

एजंट म्हणून नोंदणीचा नंबर हातात आल्यावर एक मोह होणार. कोणी आजी आपलं घर विकायला तुमच्याकडं येतील, भाव कमी सांगतील, आणि तुम्हाला वाटेल की आपणच घ्यावं. घ्या, पण आधी त्यांना सांगा की खरेदीदार मी आहे, बाजारभाव एवढा आहे, आणि या व्यवहारात मी तुमच्याकडून कमिशन घेणार नाही. भारतीय करार कायद्याचं कलम २१५ सांगतं की मालकाच्या संमतीवाचून एजंटनं स्वतःच व्यवहार केला आणि त्यात महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा मालकाचं नुकसान झालं, तर मालक तो मोडू शकतो. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. दोन ओळींचं साधं पत्र पुरतं: तारीख घाला, आजींच्या मुलाला किंवा मुलीला वाचून दाखवा, आणि दोघांच्या सह्या इसाराच्या आधी घ्या.