रेडफूट कासव पाळताय? बल्बच्या आधी ओलावा बघा

इंदूरला लोक रेडफूट कासव आणतात आणि पहिला खर्च करतात बल्बवर, त्याला गरम पाहिजे म्हणून. गरम पाहिजेच, पण हा प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या दमट रानातला, आणि आपल्याकडे पावसाळा सोडला तर हवा कोरडी ठणठणीत, मे महिन्यातली लू तर विचारूच नका. त्यात वरून बल्ब तापला की पिल्लाच्या कवचाचा एकेक चौकोन डोंगरासारखा वर यायला लागतो, आणि एकदा आला की परत सपाट होत नाही.

म्हणून जाळीचा पिंजरा नको, झाकणवाला बंद खोका घ्या, हवेला थोडी भोकं ठेवा. खाली तीन-चार इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर वाळकी पानं. पाणी कोपऱ्यांतून कोमट ओतायचं म्हणजे खालचा थर ओला राहतो न्‌ वरचा जवळजवळ कोरडा, नुसता वरून फवारा मारत बसलात तर पोटाकडचं कवच सडतं. ओलावा मोजायचं मीटर आत ठेवा, 70 ते 80 टक्के दाखवायला पाहिजे. शिवाय पिल्लाला रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खालीच.

तापमान बल्बखाली 32च्या आसपास, बाकी 26-28, रात्री 22च्या खाली नको. जानेवारीत गारठा पडला की कासव हलत नाही आणि घरचे म्हणतात झोपलंय झोपू दे, तर तसं नाही, रेडफूट थंडीत झोप काढत नाही, ते गारठलेलं असतं. रात्री सिरॅमिक हीटर (उजेड न देता गरम करणारा) लावा पण थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान बघून आपोआप चालू-बंद होईल असा. उन्हाळ्यात कूलरचा झोत अंगावर नको. कवच आणि हाडं घट्ट राहायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात, त्याची ट्यूब वेगळी लागते, खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते.

खायला जास्वंदाची फुलं-पानं, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, मशरूम, आणि आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा. पालक रोज नको. समुद्रफेसाचा (कटलफिशच्या पांढऱ्या हाडाचा) तुकडा आत टाकून ठेवा, कॅल्शियमसाठी कुरतडतं. पोहे आणि शेव मात्र तुम्हीच खा, पाहुण्यांनाही सांगून ठेवा, आपल्याकडे शेव कशावर टाकतील नेम नाही.

कायद्याचंही बघून घ्या. रेडफूट असेल तर केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि कोणी पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं आपल्याकडचं स्टार कासव स्वस्तात देत असेल तर हातच लावू नका, वास्तुसाठी शुभ वगैरे काहीही सांगू दे, वन्यजीव कायद्यात ते शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, घरात ठेवणं गुन्हा.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, डोळे सुजलेले, कवच दाबलं की मऊ लागतंय, यातलं काही दिसलं तर घरचे उपाय करू नका, सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठा, आणि तो कुठे आहे ते कासव आणायच्या आधीच शोधून ठेवा. हात लावल्यावर साबणाने धुवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो, लहान मुलांकडे जास्त लक्ष ठेवा.