हेरॉन बेटावरचा प्रवाळ-अभ्यास : घरी परतल्यावर कळणाऱ्या या चुका टाळा

क्वीन्सलँडमधल्या ग्लॅडस्टनपासून समुद्रात सुमारे ८० किलोमीटरवर हेरॉन बेट आहे. प्रवाळाच्या वाळूचे हे बेट लांबीला जेमतेम ८०० मीटर. इथे क्वीन्सलँड विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे आणि ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळ-खडकांच्या रांगेचा अभ्यास करायला विद्यार्थ्यांचे गट येतात. ऑस्ट्रेलियात सागरी जीवशास्त्र शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी इथे यायचे ठरवले, तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी. मास्क गळतो, पाय खरचटतो, या चुका तिथल्या तिथे कळतात आणि सुधारतात. आठवडा वाया घालवणाऱ्या चुका मात्र अहवाल लिहायला बसल्यावर उघड होतात आणि तेव्हा रीफ हजारो किलोमीटर दूर असते.

घड्याळ आणि ओहोटी

क्वीन्सलँडमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे नेत नाहीत. सिडनी आणि मेलबर्नमध्ये नेतात. तिथून आलेल्याचे मनगटी घड्याळ तसेच राहिले, तर भरती-ओहोटीचा तक्ता आणि घड्याळ यांत एका तासाचा फरक पडतो. भारतातून थेट आलेल्या कॅमेऱ्यात हा फरक साडेचार तासांचा असतो. मग तापमान मोजणाऱ्या लॉगरची नोंद एका वेळेची आणि प्रवाळाचा फोटो दुसऱ्याच वेळेचा, असा घोळ होतो. बेटावर पाय ठेवताच सगळी घड्याळे, कॅमेरे आणि लॉगर एकाच वेळेला लावा. रोज पहिला फोटो केंद्रातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा काढा. घोळ झालाच, तर त्या फोटोवरून दुरुस्ती करता येते.

कोकणात वाढलेल्याला उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान) शिकवावे लागत नाहीत. तेच ज्ञान इथे कामाचे नियोजन करताना वापरायचे. रीफच्या सपाट भागावर चालून करायचे काम उधाणाच्या दिवसांत ठेवा, कारण भांगाच्या ओहोटीला तिथले पाणी पुरेसे उतरत नाही. उताराकडच्या बाजूला मोजपट्टीची टेप टाकून करायचे काम भांगाच्या दिवसांत ठेवा, तेव्हा प्रवाह मंद असतो. बरेच गट उलटा क्रम लावतात आणि दोन्ही कामे अर्धवट राहतात. सपाट भागावर ओहोटीच्या तळाआधी दीड-दोन तास निघा आणि तळ गाठला की परतीला लागा. चालताना वाळूच्या पट्ट्यांवरूनच पाऊल टाका. काठी तोल सांभाळायला आहे, प्रवाळ टोचायला नाही.

टेप टाकताना

सर्वांत जास्त माहिती इथे बिघडते. प्रवाळाचे प्रमाण काढायला तळावर अंथरलेल्या ५० मीटरच्या टेपवर दर ५० सेंटिमीटरला खाली काय आहे ते नोंदवायचे, म्हणजे १०० बिंदू. शून्यापासून मोजायला सुरुवात केली की १०१ बिंदू होतात. काही टेपवर १०० आणि काहींवर १०१ असे झाले, तर टक्केवारी जुळत नाही. पहिली नोंद ०.५ वर घ्यायची, असे गटात सगळ्यांनी आधीच ठरवा.

लाटेबरोबर टेप हलते. बिंदूखाली आधी वाळू असते, क्षणभराने एखादा सुंदर अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचा प्रवाळ) येतो आणि हात नकळत प्रवाळ लिहितो. असे पाच-सहा बिंदूंवर झाले, तरी प्रवाळाचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांनी फुगते. पहिल्या नजरेला जे दिसले तेच लिहा. तिरक्या नजरेने पाहिले तरी बिंदू सरकतो. दोरीला शिशाचे छोटे वजन बांधून ते टेपवरून सरळ खाली सोडले की वाद उरत नाही. टेप एकाच खोलीवर, रीफच्या कडेला समांतर टाका. ती तीन मीटरवर सुरू होऊन सात मीटरवर संपली, तर निष्कर्षात खोली आणि जागा यांचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

आणखी एक चूक संख्याशास्त्रातली आहे. एका टेपवर दहा चौकटी (आतले जीव मोजायच्या ठरावीक मापाच्या फ्रेम) ठेवल्या म्हणजे दहा स्वतंत्र नमुने झाले, असे नाही. त्या एकाच जागेच्या दहा नोंदी आहेत. वेळ कमी असेल तर चौकटी कमी करा, पण एकमेकींपासून दूर अशा किमान तीन-चार टेप टाका.

पाण्यात नोंदी लिहायच्या पाटीवर रिकामी जागा सोडू नका. शोधले पण दिसले नाही, तर शून्य. पाहिलेच नाही, तर काट. महिनाभराने या दोन्हींतला फरक कुणालाच आठवत नाही.

पाण्यात सगळे मोठे दिसते

मास्कमधून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. म्हणून ३० सेंटिमीटरचा मासा ४० चा लिहिला जातो. लांबीवरून वजन काढले, तर ही चूक कितीतरी पटींनी वाढते, कारण वजन साधारण लांबीच्या घनाप्रमाणे बदलते. माशांच्या गणनेचा पट्टा टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर असतो. नजरेने ठरवलेले अडीच मीटर प्रत्यक्षात सव्वातीनच्या पुढे जाऊ शकते, म्हणजे पट्टा तिसऱ्या हिश्शाने रुंद होतो. पहिल्या दिवशी १०, २०, ३० आणि ४० सेंटिमीटरचे पीव्हीसी पाइपचे तुकडे पाण्यात ठेवून सगळ्यांनी अंदाजाचा सराव करावा. अडीच मीटरची दोरीही सोबत असू द्या.

टेप आधी अंथरून मग मासे मोजायला गेलात, तर बुजरे मासे तोवर निघून गेलेले असतात. एकाने पुढे मोजत जावे आणि जोडीदाराने मागून टेप सोडावी.

पांढरे दिसले म्हणजे ब्लीचिंग नव्हे

अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांची टोके मुळातच फिकट असतात, कारण वाढत्या टोकात प्रवाळाला रंग देणारे शैवाल कमी असते. ब्लीचिंगमध्ये ताणामुळे हेच शैवाल प्रवाळातून निघून जाते. काटेरी मुकुटाचा तारामासा किंवा ड्रुपेला शंख प्रवाळ खाऊन जातात तिथेही पांढरा डाग राहतो. मात्र त्या डागावर ऊती नसते, नुसता सांगाडा असतो. ब्लीच झालेल्या प्रवाळात पारदर्शक ऊती आणि पॉलिप (प्रवाळाचे इवलेसे जीव) शिल्लक असतात. जवळ जाऊन, हात न लावता, पॉलिप दिसतात का ते पाहा आणि मगच लिहा.

क्वीन्सलँड विद्यापीठाचा कोरलवॉच रंगतक्ता वापरणार असाल, तर त्यात बी, सी, डी, ई असे चार रंग आणि १ ते ६ अशी गडदपणाची मोजपट्टी असते. एका वसाहतीचा (पॉलिपांच्या एका समूहाचा) सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद भाग नोंदवायचा, टोके वगळून. तक्ता प्रवाळाशेजारी, त्याच खोलीवर धरा. बोटीत बसून फोटोवरून रंग जुळवणे चुकीचे, कारण पाणी लाल प्रकाश आधी शोषते. एकाच नोंदीवरून प्रवाळ आजारी ठरवू नका. त्याच वसाहतीत नंतर दोन अंकांचा बदल दिसला, तर त्याला अर्थ असतो.

शरीराची काळजी, थोडक्यात

पोटावर तरंगताना पोटऱ्या आणि गुडघ्यांची मागची बाजू भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड आणि लेगिंग्ज घाला. नवा मास्क धुके धरतो, कारण काचेवर सिलिकॉनचा थर असतो. जेल नसलेल्या टूथपेस्टने काच आतून दोन-तीनदा घासा. बोट लागण्याची गोळी निघण्यापूर्वी तासभर घ्या. कोन शंख कितीही देखणा असला तरी उचलू नका, त्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो. दंश झालाच, तर पूर्ण हातापायाला दाबपट्टी बांधून हालचाल थांबवा आणि लगेच मदत मागा. स्टोनफिश या विषारी माशाचा काटा टोचला, तर उपचार उलटा: सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे भाग बुडवायचा आणि दाबपट्टी टाळायची. अनेक डाइव्ह केल्या असतील, तर विमानाआधी किमान १८ तास थांबा. शेवटचा दिवस त्या हिशेबाने मोकळा ठेवा.

सामान बांधताना

वाळूत पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडाही खिशात टाकू नका. मरीन पार्कमध्ये परवान्याशिवाय उचलायला मनाई आहे, कठीण प्रवाळ साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि भारतात ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. उलट दिशेनेही तेच: मालवणला वापरलेल्या बुटांना माती किंवा वाळू चिकटलेली असेल, तर धुऊन, वाळवून आणा आणि ऑस्ट्रेलियात उतरताना अर्जात नोंदवा.

पाट्यांवरची पेन्सिल पुसण्याआधी प्रत्येक पाटीचा फोटो काढा. त्याच संध्याकाळी जोडीने, एकाने वाचून आणि दुसऱ्याने टंकून, माहिती भरा. अक्षर लागत नसेल, तर लिहिणारा समोरच असतो. निघण्याच्या आदल्या रात्री एकाने टेपची संख्या, बिंदूंची बेरीज आणि रिकाम्या जागा तपासाव्यात. काही सुटले असेल, तर सकाळची ओहोटी अजून हातात असते.