डच खेड्यात भाड्याचं घर: निम्मं काम पुण्यातच उरका

हिंजवडीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत परदेशी पाठवणीचं टेबल माझ्याकडे आहे. व्हिसा, विमा, विमान ठरल्या वाटेनं होतं. घोडं अडतं ते घरापाशी, आणि सगळ्यात जास्त नेदरलँड्समध्ये. आइंडहोवनला नेमणूक झालेल्या मुलांना शहरात घर मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. म्हणून मी सरळ सांगते, केम्पनकडे बघा. आइंडहोवनपासून बेल्जियमच्या सीमेपर्यंतचा हा शेतीवाडीचा पट्टा. एर्सल, ब्लाडल, बेर्खाइक, रोय्सल अशी गावं. चिप बनवायची यंत्रं तयार करणारी एएसएमएल फेल्डहोवनला आहे आणि एर्सलहून तिथे सायकलनेसुद्धा जाता येतं. पुढचं सगळं या पट्ट्याच्या निमित्तानं लिहिते आहे, पण बाकी ग्रामीण हॉलंडलाही थोड्याफार फरकानं लागू पडेल.

घर शोधण्याआधी नकाशा उघडा. खेमेन्टे म्हणजे तिथली नगरपालिका, पण ग्रामीण भागात ती एकाच गावाची नसते. ब्लाडल खेमेन्टेत ब्लाडल, हापर्ट, होखलोन, कास्टरन आणि नेटर्सल अशी पाच गावं येतात. घरांच्या साइटवर नुसतं ‘ब्लाडल’ टाकलं तर हापर्टचं घर दिसेलच असं नाही. आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरचा फिल्टर लावा आणि निकालातलं प्रत्येक गाव नकाशावर बघा.

मग बस. या गावांना रेल्वे नाही. ‘९२९२’ या प्रवास-नियोजकावर गावातून ऑफिसपर्यंतचा मार्ग टाका, आणि तो मंगळवारी सकाळचाच नव्हे, रविवारी संध्याकाळचाही टाका. मोठ्या गावांना नेहमीची बस असते. लहान गावांत कधी कधी फक्त ‘बुर्टबस’ असते, म्हणजे गावातलेच स्वयंसेवक चालवतात ती आठ प्रवाशांची छोटी गाडी. रात्री आणि शनिवार-रविवारी ती बहुधा नसतेच. पुण्यातली पीएमपीएमएलची बस उशिरा का होईना येते या सवयीवर तिथे विसंबू नका. गाडी घ्यायचा विचार असेल तर हेही माहीत असू द्या: भारतीय लायसन्स तिथे नोंदणी झाल्यापासून १८५ दिवसच चालतं. त्यानंतर डच परीक्षा द्यावी लागते. मात्र ज्यांना ३० टक्के करसवलतीचा नियम लागू आहे, त्यांना परीक्षा न देता लायसन्स बदलून मिळतं. ही सवलत मिळणार का, हे कंपनीला पुण्यातूनच विचारून घ्या. खेड्यातलं घर जमणार की नाही, हे कित्येकदा त्यावर ठरतं.

आता फाइल. तिथला घरमालक किंवा त्याचा एजंट (त्याला ‘माकलार’ म्हणतात) तुम्हाला ओळखत नाही. इथे सोसायटीच्या सेक्रेटरीला ‘अमक्यांचा भाचा’ म्हटलं की निम्मं काम होतं, तिथे ते कागदांनी करावं लागतं. नोकरीचा करार, कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, पासपोर्ट, आणि आधीच्या घरमालकाचं ‘भाडं वेळेवर दिलं, त्रास नाही’ असं पत्र. हे शेवटचं पत्र कोथरूडच्या घरमालकाकडून इंग्रजीत लिहून घेतलंत तरी चालतं. डच लोकांना ही प्रथा ओळखीची आहे. पगाराचा ठोकताळा असा की महिन्याचं करकपातीआधीचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट तरी हवं, काही जण चौपट मागतात. पगार अजून सुरूच झालेला नसतो, म्हणून कंपनीच्या पत्रात रक्कम, रुजू होण्याची तारीख आणि नोकरी कायम की मुदतीची हे स्पष्ट लिहून घ्या. मोघम पत्र आणलेल्याला मी परत एचआरकडे पाठवते.

पासपोर्टची प्रत जशीच्या तशी कुणालाही पाठवू नका. डच सरकारचं ‘कोपीआयडी’ नावाचं अ‍ॅप आहे. त्यात नको ते आकडे झाकता येतात आणि ‘फक्त अमुक घरासाठी’ असा शिक्का प्रतीवर टाकता येतो.

याच फाइलचा दुसरा भाग जन्माचा आणि लग्नाचा दाखला. तो घरमालकासाठी नव्हे, खेमेन्टेत नाव नोंदवण्यासाठी. महापालिकेकडून ताजी प्रत काढा, राज्य सरकारचं प्रमाणीकरण करून घ्या आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा शिक्का. लग्नाचा दाखला म्हणजे नोंदणी झालेला दाखला; मंगल कार्यालयाची पावती आणि पत्रिका घेऊन आलेलं जोडपंही मी पाहिलं आहे. सगळ्यात जास्त घोळ बायकांच्या नावांचा. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि काहींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. या तीन कागदांची साखळी कुठे तुटत असेल तर ती इथेच जोडून घ्या. तिथून पुण्यात आईला फोन करून ‘क्षेत्रीय कार्यालयात जाऊन ये ना’ म्हणण्यात महिने जातात.

आता प्रत्यक्ष शोध. फुंडा आणि पॅरारिअस या दोन साइट्स रोज बघायच्या, अलर्ट लावून. पण ग्रामीण भागातली बरीच घरं तिथे येतच नाहीत. गावातल्या माकलारच्या स्वतःच्या पानावर असतात, सुपरमार्केटच्या फळ्यावर असतात, नाहीतर फेसबुकवरच्या गावगटांत. मी मुलांना सांगते, त्या चार-पाच गावांतल्या माकलारांची यादी करा आणि मेलवर न थांबता फोन करा. त्यांची कचेरी सकाळी नऊला उघडते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. म्हणजे दुपारी एक ते चार, ही पुणेकरांची पवित्र वेळ, नेमकी फोन करायची वेळ. इंग्रजी चालतं. आपण कोण, कुठे नोकरी, कितीजण, कधीपासून, एवढं चार वाक्यांत सांगून मोकळं व्हा.

व्हेज-नॉनव्हेज तिथे सहसा कुणी विचारत नाही. सिगारेट, कुत्रं-मांजर आणि कितीजण राहणार, हे मात्र विचारतात. दोघं म्हणून सांगून नंतर पाचजण राहायला आले, तर एवढ्याशा गावात आठवड्याच्या आत सगळ्यांना कळतं.

जाहिरात वाचणं हे वेगळंच कसब आहे. चिंचवडच्या एका मुलानं मला विचारलं होतं, “मॅडम, टूबीएचके मिळेल ना?” तिथे हॉलही खोलीत मोजतात, तीन खोल्या म्हणजे आपलं टूबीएचके. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, दहानं गुणलंत की चौरस फुटांचा अंदाज येतो. ग्रामीण भागात फ्लॅट कमी, रो हाऊस आणि ट्विन बंगले जास्त, आणि त्यांतले जिने शिडीसारखे उभे. आई-बाबा तीन महिने राहायला येणार असतील तर खाली एखादी खोली आणि संडास आहे का ते बघा.

सगळ्यात महत्त्वाचे तीन शब्द जाहिरातीत असतात. ‘काल’ म्हणजे घर अगदी उघडं. आपल्याकडे अनफर्निश्ड म्हटलं तरी फरशी असते, पंखे असतात. तिथे ‘काल’ घरात जमिनीवर नुसतं काँक्रीट असू शकतं. दिवे नाहीत, वायरी लोंबतायत, पडदे नाहीत. जमिनीवरचं लॅमिनेट तुम्ही घालायचं आणि सोडताना बहुतेक वेळा तुम्हीच उचलायचं. कधी आधीचा भाडेकरू त्याचं लॅमिनेट, पडदे, कपाट तुम्हाला विकू बघतो. या देवघेवीला ‘ओव्हरनामे’ म्हणतात. वस्तू बघून भाव करा, आणि जमलं तर यात पैसे वाचतात. ‘खेस्टोफेर्ट’ म्हणजे जमिनीवरचं आच्छादन आणि पडदे आहेत, फर्निचर नाही. ‘खेमबिलेर्ट’ म्हणजे पलंगापासून चमच्यापर्यंत सगळं. वर्षभरासाठी जाणाऱ्यानं ‘काल’च्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, भाडं कितीही कमी दिसो.

भाड्याचा आकडाही नीट बघा. ‘काले ह्यूर’ म्हणजे नुसत्या घराचं भाडं. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट वेगळं. खेमेन्टेची कचरापट्टी आणि जलमंडळाचा कर वेगळा, आणि बऱ्याच खेमेन्टेत कचरापेटी जितक्या वेळा रिकामी करायला ठेवाल तितके पैसे. घराचं एनर्जी लेबल, म्हणजे घर किती ऊर्जा खातं याची श्रेणी, विचारा; ‘ए’ चांगलं, ‘जी’ सगळ्यात वाईट. ‘ए’ आणि ‘जी’ लेबलच्या घरांच्या हिवाळ्यातल्या बिलात मोठा फरक पडतो. वस्तीबाहेरच्या काही घरांना गॅसची पाइपलाइन नसते, बागेत प्रोपेनची टाकी असते. तिचा खर्च कुणाचा ते लिहून घ्या.

१ जुलै २०२४ पासून तिथे दोन नवे कायदे लागू झाले, ते भाडेकरूच्या बाजूचे आहेत. एक म्हणजे करार आता मुळात बेमुदत असतो. आपल्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्ससारखा मुदतीचा करार ठरावीक अपवादांतच करता येतो. दुसरं म्हणजे घराला गुण देऊन भाड्याची मर्यादा ठरते. क्षेत्रफळ, एनर्जी लेबल, स्वयंपाकघर, बाग, सगळ्याचे गुण. १४३ गुणांपर्यंतचं घर सामाजिक, म्हणजे सगळ्यात कमी मर्यादेच्या, भाड्यात, १४४ ते १८६ मध्यम भाड्यात, त्यापुढे मोकळा बाजार. २०२५ पासून नव्या करारासोबत घरमालकानं ही गुणतालिका द्यायचीच असते. आकडा पटला नाही तर ‘ह्यूरकॉमिसी’ या सरकारी भाडेमंडळाकडे जाता येतं. कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सामाजिक घरांच्या रांगेत मात्र वर्षानुवर्षं जातात आणि उत्पन्नाची अटही असते, त्यामुळे आयटीतल्या किंवा इंजिनिअर माणसानं त्या आशेवर राहू नये.

डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं मूळ भाडं; १ जुलै २०२३ नंतरच्या करारांना ही मर्यादा आहे. माकलार घरमालकाचं काम करत असेल तर तुमच्याकडून दलाली मागू शकत नाही. ‘प्रशासकीय फी’, ‘करार फी’ अशा नावाखाली मागितली तरी नाही. तुम्हीच स्वतःसाठी शोधाशोध करणारा माणूस नेमलात, तर अर्थातच त्याचे पैसे तुमचे. पहिल्या महिन्याचं भाडं धरून तीन महिन्यांची रक्कम हाताशी ठेवून निघा.

आता ज्यासाठी हा एवढा खटाटोप, ते. प्रत्येक घराबाबत पहिला प्रश्न एकच: “या पत्त्यावर नाव नोंदवता येईल ना?” चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यानं पोहोचल्यापासून पाच दिवसांत खेमेन्टेत नोंदणीसाठी जायचं असतं. नोंदणीतून बीएसएन हा तिथला नागरिक क्रमांक मिळतो, आणि पगार, आरोग्य विमा, बँक सगळं त्या क्रमांकावर चालतं. नोंदणीला नाही म्हणणारा घरमालक काहीतरी लपवत असतो. ग्रामीण भागात यातले दोन प्रकार नेहमीचे. एक, हॉलिडे पार्कमधली गोंडस लाकडी घरं. ती सुट्टीसाठी असतात, बहुतेक ठिकाणी कायम राहायला परवानगी नसते आणि सुट्ट्यांचा हंगाम आला की भाडं चढतं किंवा घर सोडावं लागतं. दुसरा, शेतकऱ्याच्या घरामागचा नटवलेला गोठा किंवा कोठार. दिसायला झकास, पण जमीन-वापराच्या आराखड्यात ते स्वतंत्र घर म्हणून मान्य नसेल तर खेमेन्टे राहायला मनाई करू शकते. शंका आली तर खेमेन्टेलाच फोन करा, पत्ता सांगा आणि विचारा. ग्रामीण खेमेन्टेत फोन माणूस उचलतो, हा खेड्याचा मोठा फायदा. दक्षिणेकडे जाणाऱ्या उच्च-कौशल्य व्हिसावाल्यांनी आइंडहोवनच्या हॉलंड एक्स्पॅट सेंटर साउथमध्ये आपली खेमेन्टे येते का तेही बघावं. राहण्याचा परवाना आणि नोंदणी तिथे एकाच भेटीत होऊ शकते.

घर न बघता पैसे पाठवायचे नाहीत. ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरनं पाठवतो’ असं म्हणणारा मालक दिसला की फोन ठेवा. मालकी खरी कुणाची हे कादास्टर या भूमी-अभिलेखात थोडे युरो भरून कुणालाही बघता येतं. आपल्या सातबाऱ्यासाठी जेवढं हिंडावं लागायचं तेवढंही नाही. तुम्ही पुण्यात असाल तर तिथल्या सहकाऱ्याला पाठवा आणि व्हिडिओ कॉलवर नळ, खिडक्या, बाथरूमचे कोपरे, बुरशीचे डाग दाखवायला सांगा. भेटीची वेळ पंधरा मिनिटांची असते. दहाची वेळ म्हणजे दहा.

पहिले काही आठवडे कंपनीच्या खर्चानं तात्पुरतं राहायला मिळत असेल तर पत्ता नोंदणीला चालणारा मागा, आणि ती मुदत करारातच वाढवून घ्यायचा प्रयत्न करा. पगारात थोडे जास्त पैसे घेण्यापेक्षा एक महिना जास्तीचं छप्पर मोलाचं असतं.

किल्ली घेताना मालकासोबत खोलीखोलीतून फिरून लेखी यादी करा: ओरखडे, डाग, बंद पडलेली शेगडी. फोटो त्याच दिवशी मेलनं पाठवा. वीज, गॅस आणि पाण्याचे मीटर रीडिंग फोटोसकट टिपा. प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म हवाच, २०२२ पासून तो सक्तीचा आहे. आणि चिमणीचा पंखा हवा बाहेर फेकतो की नुसती गाळून परत घरात सोडतो, ते फोडणी घालण्याआधी बघून ठेवा.