बॅटरीवरचं सोलर नेट मीटरिंगवर नेताना: आधी न्यूट्रल बघा

मागच्या वेळी या कामाची, म्हणजे घरचं बॅटरीवरचं सोलर ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडून दिलेली वीज बिलात धरून घेण्याची, यादी मी नीट बसून केली होती. पॅनेल, इन्व्हर्टर, अर्ज, मीटर, सगळं तिच्यात होतं. न्यूट्रल (करंटची परतीची तार) नव्हता. हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्हींना जोडलेला) बसला, दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर लागला, तीन आठवडे सगळं छान चाललं. मग लाईट गेली. इन्व्हर्टरच्या पडद्यावर बॅकअप चालू, बॅटरी भरलेली आणि दोन खोल्यांत अंधार, एलईडी तेवढे मंद लुकलुकत होते. इन्व्हर्टर खराब आहे असं समजून तो उघडला, सेटिंग बदलली, मग बॅकअपच्या लाईनवर आरसीसीबी (गेलेला आणि परतलेला करंट जुळला नाही की पडणारा स्विच) बसवून पाहिला. तो तर लाईट असतानाही पडायला लागला. शेवटी एका जुन्या वायरमनने डीबी (घराची वितरण पेटी) उघडून पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं: बॅकअपचा फेज (करंट आणणारी तार) वेगळा ओढलाय, न्यूट्रल सगळ्या घराचा एकच आहे.

म्हणून ही यादी त्याच कलमापासून सुरू होते आणि त्याच्याकडे पुन्हापुन्हा येणार आहे.

जुनं बॅटरीचं काम करताना बहुतेक घरांत इन्व्हर्टरपासून फक्त फेजची तार नवी ओढतात. साधा जुना इन्व्हर्टर न्यूट्रल आरपार सोडतो, त्यामुळे दिव्याचा न्यूट्रल डीबीतल्या कुठल्याही पट्टीवर असला तरी दिवा लागतो आणि चूक वर्षानुवर्षं झाकून राहते. ग्रिडला जोडलेला हायब्रिड मात्र लाईट जाताच बहुधा फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, कारण बाहेरच्या तारांशी त्याचा काहीही संबंध उरता कामा नये. आता बॅकअपवरच्या दिव्याचा न्यूट्रल मेनच्या पट्टीवर बसलेला असेल तर करंटला परतीची वाट राहत नाही. इन्व्हर्टर आत न्यूट्रल आणि अर्थ जोडत असेल तर आणखी वाईट, कारण तोच करंट अर्थिंगमधून वाट काढतो आणि दिवा लागतो म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

तपासायचं असं: मेन बंद, इन्व्हर्टरच्या तारा सोडलेल्या, बॅटरी आणि पॅनेल तोडलेले, सगळे प्लग काढलेले. मग बॅकअपच्या सर्किटांचे न्यूट्रल एकेक करून पट्टीतून सोडवा आणि मल्टीमीटरने प्रत्येक न्यूट्रल आणि मेनची न्यूट्रल पट्टी यांच्यात कंटिन्यूटी (सलग जोड आहे का ते) बघा. बीप आला तर तो न्यूट्रल आत कुठेतरी दुसऱ्याशी जोडलेला आहे. जिन्याचे दोन्हीकडून लागणारे दिवे आधी तपासा, तिथे शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतलेला हमखास सापडतो. हे काम इन्व्हर्टर विकत घ्यायच्या आधी करा. नंतर नको. भिंतीतून नवी तार ओढावी लागणार असेल तर ते रंगकाम, झाकणं, सगळं व्हायच्या आधी कळलं पाहिजे.

आता कागद. अर्ज आधी, खरेदी नंतर. वीज कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: मंजूर भारावर किती किलोवॅट बसवता येतात, कोणते इन्व्हर्टर चालतात आणि घरात बॅटरी असलेली चालते का. बॅटरी लपवू नका. बॅटरीत साठवलेली वीज ग्रिडला सोडायची परवानगी नसेल तर इन्व्हर्टरमध्ये ते सोडणं बंद करण्याची सोय हवी. जोडणी नेट मीटरिंगची आहे की नेट बिलिंगची, हेही विचारा. पहिल्यात युनिटमागे युनिट वजा होतं, दुसऱ्यात तुम्ही दिलेल्या युनिटला वेगळा, बहुधा कमी, दर लागतो. दर कमी असेल तर बॅटरी रोज वापरण्याला अर्थ आहे. युनिटमागे युनिट मिळत असेल तर ग्रिडच तुमची साठवण होते, बॅटरी फक्त लाईट जाण्यासाठी भरून ठेवायची आणि मग ती मोठी घेण्याचं कारण उरत नाही.

मीटर बदलेपर्यंत ग्रिडकडे एक युनिटही सोडू नका. साधा इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजही वापरलेली म्हणून मोजू शकतो, म्हणजे दिलेल्या विजेचं बिल तुम्हीच भरणार.

पॅनेल. जुनी वापरता येतील का, हा पहिला प्रश्न असतो आणि उत्तर मागच्या लेबलावर असतं. ३६ सेलचं जुनं पॅनेल साधारण १८ व्होल्टवर काम करतं, मोकळं (काहीही न जोडलेलं) असताना २२ च्या आसपास. बॅटरीसाठी ती समांतर जोडलेली असतात. ग्रिडच्या इन्व्हर्टरला बहुधा १०० व्होल्टच्या पुढची स्ट्रिंग लागते, म्हणजे तीच पॅनेल एकामागे एक जोडायची. आठ जोडली तर १४४ व्होल्ट मिळतात, आणि काहींना तेवढं पुरत नाही. उलट बाजूला कमाल मर्यादा असते. लेबलावरचा मोकळा व्होल्टेज २५ अंश सेल्सिअसचा असतो आणि पॅनेल त्याहून जितकं थंड, तितका तो दर अंशामागे साधारण ०.३ टक्क्यांनी वाढतो. ४५ व्होल्टची दहा पॅनेल म्हणजे ४५०. पाच अंशांच्या स्वच्छ सकाळी ते ४७७ होतात. इन्व्हर्टरची मर्यादा ५०० असेल तर अकरावं पॅनेल लावायचं नाही, कितीही जागा असो. तुमच्याकडची सगळ्यात थंड सकाळ धरून हिशोब करा, कारण मर्यादा ओलांडली तर इन्व्हर्टर जळतो आणि वॉरंटी मिळत नाही.

जुने डीसी ब्रेकर आणि फ्यूज काढून टाका. कमी व्होल्टचा ब्रेकर शेकडो व्होल्ट डीसीवर उघडला की ठिणगी विझत नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी तुटते, डीसीचा येतच नाही. एसीची एमसीबी (घरातला नेहमीचा ब्रेकर) डीसीवर लावलेली दिसली तर काम तिथेच थांबवा.

चार्ज कंट्रोलर (पॅनेलवरून बॅटरी भरणारा जुना डबा) काढताना आधी पॅनेलची तार सोडा, मग बॅटरीची. उलट केलं तर पॅनेलचा पूर्ण व्होल्टेज कंट्रोलरवर येतो. हायब्रिडमध्ये आतला चार्जर असतो, त्यामुळे जुना कंट्रोलर ‘असू दे’ म्हणून त्याच पॅनेलांवर ठेवू नका.

बॅटरी कोणत्या जातीची आणि किती व्होल्टची, हे इन्व्हर्टरच्या यादीशी जुळवा. ४८ व्होल्टचे बरेच हायब्रिड लेड-ॲसिड घेतात, जास्त व्होल्टचे सहसा फक्त ठरावीक लिथियम घेतात. जुनी आणि नवी बॅटरी एका बँकेत जोडू नका. फ्यूज बॅटरीजवळ हवा, इन्व्हर्टरजवळ नको, कारण मधली तार शॉर्ट झाली तर इन्व्हर्टरजवळचा फ्यूज तिला वाचवू शकत नाही. पाना वापरताना अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

आणि बॅटरीचं काम चालू असताना इलेक्ट्रिशियन ‘बॅकअपची लाईन तर जुनीच आहे, तीच जोडतो’ म्हणेल. त्याच क्षणी न्यूट्रल विचारा. जुनी लाईन म्हणजे जुना न्यूट्रल. माझं काम तिथेच चुकलं होतं. बॅकअपच्या डीबीत स्वतःची न्यूट्रल पट्टी हवी, तिच्यावर फक्त बॅकअपचे न्यूट्रल हवेत आणि ते इन्व्हर्टरच्या बॅकअप टोकालाच परत गेले पाहिजेत.

बॅकअपवर काय ठेवायचं, हे तुमचं तुम्हाला माहीत. गिझर नको.

इन्व्हर्टर ते मीटर ही तार जाड घ्या. वीज बाहेर ढकलताना इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज चढतो. ५ किलोवॅट २३० व्होल्टवर म्हणजे सुमारे २२ अँपिअर. ३० मीटरवर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असेल तर जाऊन-येऊन साडेपाच व्होल्ट चढतात, आणि पुरवठा आधीच चढा असेल तर ऐन दुपारी इन्व्हर्टर जास्त व्होल्टेज दाखवून बंद पडत राहतो. लोक पॅनेल तपासत बसतात.

अर्थिंग, सर्ज (व्होल्टेजच्या अचानक झटक्याचं) संरक्षण, दोन्ही बाजूंचे आयसोलेटर (हाताने तोडायचे स्विच): हवेतच.

चालू करायच्या दिवशी इन्व्हर्टरमध्ये आपल्या देशाचं ग्रिड सेटिंग निवडलंय का बघा, नंतर ते बरेचदा कुलूपबंद होतं. सीटीवरचा (तारेभोवती बसून करंट मोजणाऱ्या कडीवरचा) बाण सूचनेप्रमाणे. उलटा बसला तर घेतलेली वीज दिलेली दिसते.

मग लाईट जाण्याची वाट बघू नका, मेन स्वतः पाडा. ग्रिडकडची बाजू दोन सेकंदांच्या आत सुटली पाहिजे, आयईसी ६२११६ या, लाईट गेल्यावर इन्व्हर्टर ग्रिडपासून सुटतो का हे बघणाऱ्या, चाचणीत हीच मर्यादा आहे. बॅकअपवरची प्रत्येक खोली हिंडून बघा, एकूण एक दिवा लावून. त्यानंतर बॅकअपचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्प मीटरच्या (तारेभोवती धरून करंट मोजायच्या मीटरच्या) जबड्यात घ्या. आकडा शून्याजवळ हवा. नसेल तर कुठला तरी न्यूट्रल अजून बाहेर आहे, शोधा, आणि तोवर कामाचे शेवटचे पैसे देऊ नका. मेन परत चालू केल्यावर ग्रिडची जोडणी लगेच येत नाही, बऱ्याच इन्व्हर्टरांत ६० ते ३०० सेकंद लागतात. घाबरू नका.

मीटर लागला त्या दिवशी घेतलेल्या आणि दिलेल्या दोन्ही आकड्यांचा फोटो काढा, पहिलं बिल त्याच्याशी ताडून बघा. आणि डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवा: बॅकअपचा न्यूट्रल वेगळा आहे, मेनच्या पट्टीला जोडू नये.