बांधावरच्या झाडांसाठी ब्लॉकचेनवरून पैसे कसे उभे करायचे

ब्लॉकचेन म्हटलं की लोकांना बिटकॉइनचे भाव आठवतात, पण गावच्या कामाला त्यातलं एकच लागतं, सगळ्यांना दिसणारा आणि मागून खाडाखोड न करता येणारा हिशोब. देणगीदार पुण्यात, झाडं मराठवाड्यात, अशा वेळी विश्वास टिकवायला याचा खरंच उपयोग होतो.

वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारखं डिजिटल चलन (क्रिप्टो) ठेवायचं पाकीट, उघडायच्या आधी सीए गाठा. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणजे मोठ्या एनजीओच्या नावावर घ्यायची आणि आपल्या गटाकडे वळवायची हा मार्ग बंद झालाय. नोंदणी असलेली संस्था स्वतः तुमच्या गावात काम करणार असेल तर वेगळं. क्रिप्टोत पैसा आला म्हणजे सुटलो असंही समजू नका, त्यावरच्या नफ्याला ३० टक्के टॅक्स आहे आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. म्हणून माझं म्हणणं, पहिल्या वर्षी देशातल्याच लोकांकडून रुपयात, यूपीआयने, गटाच्या खात्यावर घ्या आणि चेनवर फक्त नोंद करा.

नोंदणी आणि कागदपत्रं पक्की असतील तर गिटकॉइनसारख्या, क्रिप्टोत देणग्या गोळा करणाऱ्या ठिकाणची मॅचिंग पद्धत समजून घ्या, म्हणजे लोकांच्या देणग्यांना एका सामायिक निधीतून जोड मिळते. तिला क्वाड्रॅटिक फंडिंग म्हणतात. तिच्या मूळ सूत्रात एकट्याने १०,००० रुपये दिले तर मॅचिंग शून्य, पण तेच १०० जणांनी १००-१०० दिले तर मॅचिंगमधला मोठा वाटा तुमचा. त्यामुळे एका शेठजीच्या मागे लागण्यापेक्षा गावाबाहेर गेलेली पोरं, मामा, मावशी, जुने वर्गमित्र, सगळ्यांकडून थोडं थोडं गोळा करा.

क्रिप्टो घेतलंच तर एकाच्या मोबाईलमध्ये ठेवू नका. सेफ नावाचं मल्टिसिग वॉलेट आहे, त्यात पाच सही करणारे ठेवा आणि तीन सह्यांशिवाय पैसा हलणार नाही असं सेट करा. पाचात बचत गटाच्या दोघी तरी हव्यातच. सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट परत उघडून देणारे गुप्त शब्द, कागदावर लिहून कुलपात, व्हॉट्सॲपवर फोटो अजिबात नाही.

आता मुख्य गोष्ट. लावलेल्या रोपांवर पैसे देऊ नका, जगलेल्या झाडांवर द्या. जुलैत खड्डे करून आंबा, शेवगा, बांबू, गिरिपुष्प लावणं सोपं असतं, फोटोही छान येतात, पण रोपं मरतात एप्रिल-मेमध्ये, पाण्यावाचून नाहीतर शेळ्यांच्या तोंडाने, आणि नेमका टँकर, ठिबक, कुंपण यालाच पैसा उरलेला नसतो. म्हणून हप्ते पाडा, लागवडीला ४० टक्के, पहिला उन्हाळा काढल्यावर मोजणी करून ३०, तिसऱ्या वर्षी उरलेले ३०. आणि एक करा, पाणी घालणाऱ्याची मजुरी या हप्त्यांत न धरता वेगळी काढून महिन्याच्या महिन्याला द्या, ती मोजणीसाठी अडवली तर मोजायला झाडंच उरणार नाहीत.

मोजणीसाठी कोबोटूलबॉक्स हे माहिती गोळा करायचं साधन वापरा, फुकट आहे आणि रेंज नसली तरी फॉर्म भरता येतो. प्रत्येक झाडाला नंबरची पट्टी, दर वेळी त्याच बाजूने फोटो, आणि मोजणारा शेजारच्या गावचा. मग त्या यादीचा हॅश, म्हणजे यादीवरून निघणारा ठशासारखा छोटा कोड, चेनवर टाका, म्हणजे नंतर कुणी आकडा बदलला तर लगेच कळतं. पण यादीच खोटी असेल तर चेन ती खोटीच जपून ठेवणार, म्हणून मोजणारा माणूस नीट निवडा. सातबारा, आधार, शेतकऱ्याचं नाव चेनवर कधीच नको, ते पुन्हा पुसता येत नाही. झाडांची नोंद ई-पीक पाहणीतही करून घ्या, पुढे तोडणीच्या परवानगीला कामी येते.

कुणी म्हणालं आपण कार्बन टोकन काढू, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं (कार्बन क्रेडिट्स) चेनवर विकू, तर घाई नको. २०२१ मध्ये जुनी कार्बन क्रेडिट्स टोकन करून विकायची लाट आली होती, आणि मे २०२२ मध्ये ही क्रेडिट्स देणाऱ्या व्हेरा संस्थेने, रिटायर केलेल्या म्हणजे एकदा वापरून बाद झालेल्या क्रेडिटवरून टोकन काढायला मनाईच केली. क्रेडिटचा खरेदीदार भेटलाच तर पहिल्याच बैठकीत शेतकऱ्याचा वाटा विचारा. राबोबँक या डच बँकेच्या एकॉर्न या कार्बन क्रेडिट उपक्रमात विक्रीतले ८० टक्के शेतकऱ्याकडे जातात, हा आकडा समोर ठेवूनच बोलणी करा.