हरवलेल्या मुलाची रहस्यकथा लिहायचीय? आधी मधले तीन तास ठरवा

गुन्हेगार कोण हे नंतर ठरवलं तरी चालतं, पण मूल शेवटचं कोणाला दिसलं आणि ते नाहीये हे कोणाच्या लक्षात कधी आलं, या दोन वेळा पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. सगळी कादंबरी त्या मधल्या वेळात असते.

समजा पुणं, अनंत चतुर्दशी आहे आणि आठ वर्षांची मुलगी. आईला वाटतंय ती आत्याबरोबर लक्ष्मी रोडला आहे, आत्याला वाटतंय बाबा तिला घेऊन नारायण पेठेतल्या घरी गेला, आणि बाबा फोन उचलत नाहीये, का तर म्हणे ढोलताशात ऐकूच आलं नाही. झाले तीन तास. आता प्रत्येकाला एक छोटं खोटं द्या, गुन्ह्याचं नाही, लाजेचं. बाबा मिरवणुकीत नव्हताच, आत्या तिला सगळ्यांसमोर ओरडली होती, आजोबांचा डोळा लागला होता पण ते 'मी जागाच होतो' म्हणून अडून बसलेत. वाचक आळीपाळीने सगळ्यांवर संशय घेतो, तुम्हाला मुद्दाम काळा गॉगलवाला माणूस आणावा लागत नाही.

जागा पायी फिरून बघा, गुगल मॅपवर भागत नाही. मिरवणूक मंडईतून निघते, लक्ष्मी रोडने अलका चौकात येते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, म्हणजे तुमच्या गोष्टीतली रात्र संपतच नाही आणि एरवी दहा मिनिटांच्या अंतराला तास जातो. सीसीटीव्हीचं काय हा प्रश्न वाचक विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा: फुटेज आहे पण त्यात नुसती डोकी दिसतात, किंवा मांडवाचं कापड नेमकं कॅमेऱ्यापुढे आलंय. पावसाळा हवा असेल तर खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, रस्ता बंद होतो, तेही मस्त वापरता येतं. फक्त नदीकाठी एक चप्पल सापडली हा सीन प्लीज नको.

पोलिसांचं मात्र नीट करा कारण इथे बरेच जण घसरतात. 'चोवीस तास थांबा मग या' हा डायलॉग सिनेमातला आहे. 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर घ्यावाच लागतो, आणि अपहरण किंवा तस्करी असू शकते असं धरूनच तपास सुरू होतो. कथा 1 जुलै 2024 नंतरची असेल तर अपहरणासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 137, आधीची असेल तर आयपीसी 363, म्हणून साल पक्कं करा. हद्दीवरून वाद घालणारा हवालदार दाखवायचा असेल तर झीरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा) माहीत असलेली एखादी शेजारीणही दाखवा, सदाशिव पेठेत ती सहज भेटेल. चार महिन्यांत मूल नाही सापडलं तर तपास मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे जातो, उत्तरार्धासाठी ही आयती जागा आहे: नवा अधिकारी, जुने जबाब पुन्हा, आणि आजोबांच्या उत्तरात आता एक शब्द वेगळा.

मुलगी म्हणजे नुसता फ्रेममधला फोटो नको. तिला काय आवडायचं, ती कोणाशी बोलायची नाही, कोणाचं गुपित तिला माहीत होतं हे थोडं थोडं सोडत जा. ती स्वतःच्या पायाने निघाली असेल ही शक्यता निदान अर्ध्या पुस्तकापर्यंत जिवंत ठेवा.

आणि ती सापडली की लगेच समाप्त लिहू नका. सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं, तिथे बाहेरच्या बाकावर आई, बाबा आणि आत्या एका रांगेत बसलेत, तिघांनी आपापलं खोटं अजून मागे घेतलेलं नाही आणि आत मुलगी काय सांगतेय ते कोणालाच ऐकू येत नाहीये. यासाठी दोन-तीन प्रकरणं बाजूला काढून ठेवा.